बायपोलर आजार सांभाळताना : झोप, गोळी आणि गट

(प्रभागसंघाच्या वार्षिक सभेतील भाषणाचे शब्दांकन. वक्त्या मूळच्या रत्नागिरी जिल्ह्यातील असून सध्या घाटकोपरला राहतात, पोळ्या करण्याचे काम करतात आणि तिथल्या बचत गटाच्या सदस्य आहेत. त्यांच्या सांगण्यावरून नाव छापलेले नाही.)



मला बायपोलर नावाचा मानसिक आजार आहे. सोळा वर्षं झाली. हे मी तुमच्यासमोर माईकवर सांगते, पण वार्तापत्रात नाव छापू नका म्हणून सांगितलंय. माझ्या भाचीचं लग्न ठरायचंय, आणि बघायला येणारी माणसं मावशीच्या गोळ्यासुद्धा मोजतात. हे काय असतं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

मला ‘आजाराची माहिती द्या’ म्हणून बोलावलं आहे. माहिती डॉक्टर माझ्यापेक्षा चांगली देतील. मी सांगणार आहे ते आजार अंगावर असताना रोजचा दिवस कसा काढायचा, त्यात काय काय आडवं येतं आणि त्यात तुमच्यासारख्या गटातल्या बायांचा काय उपयोग होतो, एवढंच.

तरी दोन शब्द आजाराबद्दल. बायपोलर म्हणजे दोन टोकं. एका टोकाला मन चढतं. झोप दोन-तीन तासांवर येते आणि तरी थकवा नाही. तोंड थांबत नाही, डोक्यात एकाला एक लागून विचार, पैसा पाण्यासारखा जातो, आपल्याला सगळं जमतं असं वाटतं, कुणी अडवलं की भयंकर राग येतो. हे आठवडाभर किंवा जास्त चालतं. दुसऱ्या टोकाला मन बसतं. अंथरुणातून उठवत नाही, वेणी घालायची ताकद नाही, जेवण नको, जगणंच नको असं वाटायला लागतं. हे आठवडे, कधी महिने चालतं. मधल्या काळात माणूस तुमच्या-माझ्यासारखा असतो. आज मी मधल्या काळात आहे म्हणून इथे उभी आहे.

सकाळी हसली आणि संध्याकाळी रडली, याला बायपोलर म्हणत नाहीत. तसं आपण सगळ्याच करतो.

हा आजार किती जणांना असतो? बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये देशातल्या १२ राज्यांत पाहणी केली. त्यात मोठ्या माणसांमध्ये हजारी तीन जणांना त्या वेळी हा आजार असल्याचं दिसलं. त्यातल्या शंभरातल्या सुमारे सत्तर जणांना उपचार मिळत नव्हते. त्या १२ राज्यांत आपला महाराष्ट्र नव्हता, पण आपल्याकडे फार वेगळं असेल असं मला वाटत नाही. आता हिशेब तुम्हीच करा. तुमच्या प्रभागसंघात तीन हजार सदस्य असतील तर नऊ जणी. त्या आज सभेला आल्यात की घरी आहेत, आणि घरी असतील तर का, हे त्यांच्या गटाला माहीत असायला हवं.

आमच्याकडे मुंबईत कुणाला वेड्यात काढायचं असलं की म्हणतात, ‘याला ठाण्याला पाठवा’. मुलुंडच्या पुढचं स्टेशन ठाणे, तिथे १९०१ पासूनचं मनोरुग्णालय आहे, म्हणून. पुण्यात येरवड्याचं नाव घेतात आणि आपल्याकडे रत्नागिरीचं. नागपूर धरून राज्य सरकारची अशी चार मनोरुग्णालयं आहेत. ज्या ठिकाणी आपलं माणूस बरं होऊ शकतं त्याच ठिकाणाची आपण शिवी करून ठेवली. मग गरज पडल्यावर तिथे जायला पाय उचलत नाही. खरं म्हणजे बायपोलरच्या बहुतेक माणसांना भरती व्हावंच लागत नाही, किंवा लागलं तर थोड्या दिवसांपुरतं. जिल्हा रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागातून गोळ्या घेऊन माणसं वर्षानुवर्षं संसार करतात.

आता मूळ अडचण सांगते. मधुमेह झाला तर माणूस पथ्य पाळतो, साखर मोजतो, पायाला जखम झाली का बघतो. हे सगळं डोक्याने करतो. आमच्या आजारात जे डोकं सांभाळायचं तेच डोकं आजारी पडतं. मन चढलं की वाटतं, मी ठणठणीत आहे, आता गोळी कशाला? मन बसलं की वाटतं, गोळीने काय होणार, माझं नशीबच असं. दोन्ही वेळा गोळी सुटण्याची भीती. म्हणून जी काही तयारी करायची ती मधल्या, चांगल्या दिवसांत करायची, आणि ती एकटीने करून चालत नाही. कोणाला तरी सांगून ठेवावं लागतं.

तयारीतली पहिली गोष्ट झोप. गोळीखालोखाल झोप, असं मी मानते. एक-दोन रात्री जागरण झालं की या आजाराच्या माणसाचं मन चढू शकतं. चढायला लागलं की झोप आणखी कमी होते, की मन आणखी चढतं.

मुंबईत झोप मिळवणं म्हणजे काय, ते ऐका. आमची चाळ घाटकोपरला टेकडीवर आहे. दहा बाय बाराची खोली, पाच माणसं. सासरे रात्री अकरापर्यंत बातम्या बघतात. दीर कारखान्यातून एकला येतो, त्याचं ताट वाढायचं. पहाटे पाचला नळाला पाणी. पाणी भरलं नाही तर दिवसभर पाणी नाही. म्हणजे सरळ हिशेबाने झोप चार तास. आमच्याकडे ठरवून बदल केला. दीर आपलं ताट आपण घेतो, पाण्याला एक आड एक दिवस जाऊ उठते आणि मी तिच्या मुलांचा दुपारचा अभ्यास घेते. टीव्हीचा आवाज दहानंतर बारीक. हे लिहायला चार ओळी लागतात, पण घडायला दोन वर्षं लागली. सून झोपणार आणि सासरे टीव्ही बारीक करणार, ही गोष्ट पचायला वेळ लागतो.

शहरात आणखी एक धोका आहे. रात्री तीन वाजता एखादी बाई झपाट्याने पोळ्या लाटत बसली, तर शहरात कुणी विचारत नाही. उलट मालक म्हणतो, काय कामाची बाई आहे. मन चढलेलं माणूस शहराला फार आवडतं. गावात याच्या उलट. गावात तीच बाई रात्री अंगणात फिरायला लागली की सकाळपर्यंत अख्ख्या वाडीला कळतं, आणि म्हणतात, अंगात आलं किंवा बाहेरचं लागलं.

देवाधर्माच्या मी विरोधात नाही. माझ्या आईने अंगारा लावला, मी लावून घेतला, आणि गोळीही घेतली. देवाने कुठे सांगितलंय गोळी घेऊ नको म्हणून? पण बांधून ठेवणं, मारणं, मिरचीची धुरी देणं हे आता राज्यात गुन्हा आहे. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे त्यासाठी. ज्या बाईला धुरी देतात ती आधीच आठ दिवस झोपलेली नसते, एवढं लक्षात असू द्या.

आता सणावाराचं. हरतालिका घ्या. दिवसभर निर्जळी उपास आणि रात्री जागरण. आपल्या आया-आज्यांनी केलं, आपणही करतो. पण बायपोलरच्या बाईला यातल्या दोन्ही गोष्टी बाधतात. जागरणाचं सांगितलंच. उपासाचं असं, की या आजारावर लिथियम नावाची एक जुनी आणि चांगली गोळी आहे. १९४९ साली ऑस्ट्रेलियातल्या जॉन केड नावाच्या डॉक्टरांनी तिचा उपयोग दाखवून दिला. लिथियम हा मिठासारखाच एक क्षार आहे. अंगातलं पाणी कमी झालं, किंवा मीठ एकदम बंद केलं, की तो रक्तात साठायला लागतो आणि जास्त साठला तर विष होतो. म्हणून लिथियम घेणाऱ्या बाईने निर्जळी उपास धरायचा नाही. मे महिन्याच्या उन्हात पाण्याशिवाय काम करायचं नाही. उलट्या-जुलाब झाले तर ‘होईल बरं’ म्हणून घरी बसायचं नाही. हात जोरात थरथरायला लागले, तोल जायला लागला, बोलणं जड झालं, उलट्या-जुलाब थांबेनात, तर पुढची गोळी घ्यायच्या आधी दवाखाना गाठायचा.

आणि कंबरदुखी, गुडघेदुखीवर मेडिकलमधून आपण जी गोळी मागून आणतो, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक वगैरे, तिच्यानेही लिथियम रक्तात वाढतं. ब्लडप्रेशरसाठी देतात त्या लघवी जास्त करणाऱ्या काही गोळ्यांनीही वाढतं. त्यामुळे कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तरी आधी सांगायचं, ‘माझं लिथियम चालू आहे.’ हे सांगायची लाज वाटते, मला माहीत आहे. बाहेर चार माणसं ऐकत असतात. चिठ्ठीवर लिहून न्या आणि डॉक्टरांच्या हातात द्या.

मी हरतालिकेला पूजा करते, पाणी पिते, फळं खाते आणि रात्री दहाला झोपते. पहिल्या वर्षी शेजारणी बोलल्या. दुसऱ्या वर्षी त्यातल्या एकीने हळूच येऊन विचारलं, मला शुगर आहे, मीपण पाणी पिऊ का?

गणपतीला मुंबईहून गावी येताना आणखी एक घोळ असतो. रात्रभराचा एसटीचा प्रवास, गाडीत झोप नाही, घरी आल्यावर आरत्या, भजनं, बाल्या नाच, पाहुण्यांची जेवणं. त्यात गोळ्यांची पिशवी मुंबईला राहिली तर पाच-सहा दिवसांचा खाडा. म्हणून गोळ्या सामानाच्या बॅगेत टाकत नाही, पैशाच्या पाकिटात ठेवते. पाकीट कुणी विसरत नाही. शक्यतो दिवसाच्या गाडीने येते आणि दहानंतर आरतीला जात नाही. गणपती माझ्यावर रागावलेला दिसत नाही.

गोळीबद्दल खरं खरं बोलायला हवं, कारण ‘गोळ्या वेळेवर घ्या’ एवढंच सांगून सगळे मोकळे होतात. गोळीचा त्रास असतो. कुणाचं वजन वाढतं. हाताला बारीक कंप येतो, मला पोळी लाटताना येतो, गोल लाटायला एक मिनिट जास्त लागतं. तोंड कोरडं पडतं, तहान लागते, वरचेवर लघवीला जावं लागतं. आता चाळीतल्या बाईला रात्री दोनदा लघवीला उठायचं म्हणजे काय? संडास बाहेर, पंचवीस घरांत चार, दिवा कधी असतो कधी नसतो. लोकलने जायचं तर प्रवासात सोय नाही. म्हणून बाया पाणीच कमी पितात. लिथियमवर पाणी कमी पिणं किती धोक्याचं ते आत्ताच सांगितलं. डॉक्टरांना ही गोष्ट कुणी सांगतच नाही. मी सांगितली. त्यांनी गोळीची वेळ आणि मात्रा बदलून बघितली, बराच फरक पडला. गोळी सोसत नसेल तर ती मनाने सोडायची नाही, तक्रार करायची. या आजारावर लिथियम ही एकच गोळी नाही, दुसऱ्याही आहेत.

दुसऱ्या गोळ्यांमध्ये व्हॅल्प्रोएट नावाची एक आहे. ती फिटवरही देतात. ज्या मुलीला पुढे मूल हवं आहे किंवा दिवस जाऊ शकतात, तिने ही गोळी चालू असेल तर डॉक्टरांना स्पष्ट विचारायचं, ‘मला बाळ हवं आहे, ही गोळी चालेल का?’ पोटातल्या बाळाच्या मणक्याला आणि मेंदूला तिच्यामुळे धोका असतो. पण ऐकलं म्हणून घरी जाऊन आजच बंद केली, असं कृपा करून करू नका. गोळी एकदम तोडली की आजार उसळून येतो. आधी विचारायचं, मग डॉक्टर हळूहळू बदलून देतील. मुलीचं लग्न ठरवताना पत्रिका दाखवायला जाता, तशा या प्रश्नासाठी एकदा डॉक्टरांकडे जा.

सरकारी रुग्णालयात गोळ्या फुकट मिळतात. पण एक अख्खा दिवस जातो. मी जिथे जाते तिथे सकाळी सातला केसपेपरची रांग, मग डॉक्टरांची रांग, मग औषधांची. शिकाऊ डॉक्टर बदलत राहतात, दर वेळी पहिल्यापासून कहाणी सांगायची. त्या दिवसाची मजुरी बुडते. म्हणून मी एक वही केली आहे. पहिल्या पानावर आजार कधी सुरू झाला, कोणत्या गोळ्या झाल्या, कोणती सोसली नाही, रक्त कधी तपासलं. लिथियम घेणाऱ्यांना रक्तातलं लिथियम, थायरॉईड आणि किडनी यांची तपासणी ठरावीक काळाने करावी लागते, ते सगळं तिथे. मागच्या पानांवर रोजची एक ओळ : किती वाजता झोपले, किती वाजता उठले, मन कसं आहे, गोळी घेतली. तुम्ही गटाचं इतिवृत्त लिहिता, पासबुक भरता, त्यापुढे हे काहीच नाही. लिहिता येत नसेल त्या बाईने कॅलेंडरवर खूण करावी. झोप पुरी झाली तर टिकली लावायची, नाही तर घर मोकळं. सलग दोन घरं मोकळी दिसली की मी जावेला सांगते आणि तिसऱ्या दिवशी दवाखान्यात जाते. तिसऱ्या दिवशी गेलं तर गोळी थोडी वाढवून भागतं. तिसऱ्या आठवड्यात गेलं तर भरती व्हावं लागतं.

आता एक गोष्ट, जी डॉक्टरांच्या कागदावर नसते. मला स्वतःला सगळ्यात जड जाते ती हीच.

घरी कुणाशी भांडण झालं, मी आवाज चढवला, की प्रश्न येतो, ‘गोळी घेतलीस का?’ मी खूप हसले, तरी तोच प्रश्न. नवीन साडी घेतली, ‘गोळी घेतलीस का?’ मजुरीचे पैसे कापले म्हणून मालकाशी बोलायला गेले, तर नवरा म्हणतो, आधी गोळी घे. अहो, पैसे खरोखर कापले होते! दहा जणींचे कापले होते, बाकी नऊ जणींना कुणी गोळी विचारली नाही. एकदा आजाराचं नाव लागलं की बाईला राग यायचा हक्क राहत नाही, आनंद व्हायचा राहत नाही. आणि वाईट असं, की हळूहळू ती स्वतःच स्वतःला विचारायला लागते. छान वाटतंय, म्हणजे हे चढतंय का? रडू आलं, म्हणजे बसतंय का? माझी आई गेली तेव्हा मी महिनाभर रडले. मनात एकच भीती की हे रडणं आईचं की आजाराचं?

यावर औषध मला सापडलेलं नाही. वहीचा थोडा उपयोग होतो. झोप सात तास असेल, गोळी चुकलेली नसेल, तर मी म्हणते हा राग माझा आहे, आणि भांडते. घरच्यांनाही सांगितलंय की गोळी विचारायची ती रात्री नऊला, जेवताना. भांडणाच्या मध्ये विचारायची नाही. नऊ वाजता विचारलं तर ती काळजी वाटते.

आता गटाकडे येते. पैशाचा विषय काढल्याशिवाय बचत गटाच्या सभेतून मला जाता येणार नाही.

मन चढलेल्या बाईला मोठमोठे धंदे सुचतात. मसाल्याचा कारखाना, दहा शिलाई मशिनी. ती इतकं सुंदर बोलते की गट भारावून जातो. ठराव होतो, कर्ज मिळतं. महिन्याने ती अंथरुणाला खिळते, हप्ता थकतो, जामीन राहिलेल्या बायांची तोंडं वाकडी होतात, आणि पुढच्या सभेत विषय येतो, हिचं नाव कमी करा. नाव कमी झालं की तिची बचत बंद, सभा बंद, आठवड्यातून एकदा घराबाहेर पडायचं कारण बंद. ज्या दिवसांत तिला माणसांची गरज सगळ्यात जास्त, नेमक्या त्याच दिवसांत माणसं जातात. अशा बाया मी अंधेरीत पाहिल्या आहेत, आपल्या गावातही पाहिल्या आहेत.

याच्यावर ‘अशा बाईला कर्जच देऊ नका’ हा उपाय नाही. तो अन्याय आहे. मी चार वेळा कर्ज घेतलंय आणि फेडलंय. माझ्या गटात मी स्वतः उभी राहून एक नियम मांडला, माझ्यापुरता. मी दहा हजारांच्या वर मागितलं तर त्याच सभेत मंजूर करायचं नाही. दोन सभा जाऊ द्यायच्या. दोन्ही सभांत मी तीच मागणी, त्याच कारणासाठी, शांतपणे मांडली तर द्यायचं. आणि हप्ता चुकला, मी सभेला आले नाही, तर दंड लावायच्या आधी दोघींनी घरी येऊन बघायचं. इतिवृत्तात ठराव आहे, माझी सही आहे. आजाराचं नाव त्यात नाही, ते अध्यक्ष आणि सचिवांनाच माहीत आहे. नंतर गटातल्या इतर बाया म्हणाल्या, हा नियम सगळ्यांनाच लावा की. नवरे दारूच्या नादात आम्हाला कर्ज काढायला लावतात, तेव्हा आम्हालाही दोन सभांची सवड मिळेल. लावला.

घरी येऊन बघायचं म्हणजे काय करायचं, तेही सांगते. मन बसलेल्या बाईला उपदेश नको. ‘मन घट्ट कर’, ‘मुलांकडे बघ’, हे तिला दिवसभर ऐकू येतच असतं. चहा टाका. भांडी घासा. गोळ्या आहेत का बघा. आणि शंका आली तर सरळ विचारा, ‘जीव द्यावासा वाटतो का?’ विचारल्याने कुणाच्या डोक्यात तो विचार येत नाही, असलेला बाहेर पडतो. ती हो म्हणाली तर तिला एकटी सोडायचं नाही, घरातली फवारणीची औषधं, उंदराचं औषध शेजारी नेऊन ठेवायचं आणि दवाखान्यात न्यायचं. पोलीस केसच्या भीतीने थांबू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने ठरवलंय की असा प्रयत्न करणारं माणूस तीव्र ताणाखाली होतं असंच धरायचं, त्याला शिक्षा करायची नाही. सरकारने त्याची काळजी घ्यायची.

याच कायद्यात आणखी एक कामाची गोष्ट आहे. मी आजारी पडले, मला निर्णय घेता येईनासा झाला, तर माझ्या वतीने कोण बोलणार, हे मी आधीच साध्या कागदावर लिहून ठेवू शकते. सही किंवा अंगठा चालतो. नवराच पाहिजे असं नाही. मी जावेचं नाव लिहिलंय. नवऱ्याला थोडं लागलं मनाला, पण झोपेची वही तीच बघते ना!

आता तुम्ही ज्या चिठ्ठ्या पाठवल्या त्यातल्या तीन घेते, वेळ कमी आहे.

एकीने विचारलंय, मुलीला हा आजार आहे, सासरी कळलं तर सोडून देतील का, काडीमोड होतो का. नुसता आजार आहे, गोळ्या चालू आहेत, एवढ्यावर हिंदू विवाह कायद्याने घटस्फोट मिळत नाही. १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाने राम नारायण गुप्ता विरुद्ध रामेश्वरी गुप्ता या खटल्यात सांगितलंय की आजाराचं नाव पुरेसं नाही, तो इतका तीव्र असला पाहिजे की एकत्र राहण्याची अपेक्षाच करता येऊ नये. पण लग्नाआधी लपवू नका. लपवलं की मुलगी गोळीही लपवून खाते, आणि लपवून खाल्लेली गोळी एक दिवस चुकते.

दुसरी चिठ्ठी : इथे मानसोपचाराचे डॉक्टर रोज नसतात, मग विचारायचं कुणाला? १४४१६ हा नंबर लिहून घ्या. टेली मानस. केंद्र सरकारची सेवा आहे, १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलतात. जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे लोक असतात. ते आपल्या तालुक्याला कोणत्या वारी येतात, हे सीआरपी ताईंनी विचारून घ्या आणि ग्रामसंघाच्या फळ्यावर लिहा.

तिसरी चिठ्ठी पेन्सिलीने लिहिली आहे. ‘सून दोन आठवड्यांची बाळंतीण आहे. तीन रात्री झोपली नाही. खूप बोलते, देवी दिसते म्हणते, बाळाला काहीतरी होणार म्हणते. बाहेरचं बघायचं ठरलंय अमावस्येला.’

ही चिठ्ठी जिने लिहिली तिने अमावस्येपर्यंत थांबू नका. बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत हा आजार असा अचानक उसळतो, ज्यांना आधी कधी झाला नव्हता त्यांनाही. यात आईला आणि बाळाला दोघांनाही धोका असतो, आणि वेळेत नेलं तर ती पूर्ण बरी होते. आज न्यायचं आहे, उद्या नाही. तोवर बाळ दुसऱ्या कुणाच्या तरी मांडीवर द्या, पण तिच्यापासून हिसकावून घेऊ नका, आणि तिला एकटी सोडू नका. १०८ ला फोन करा. नाही तर असं करू, माझं भाषण इथेच थांबवते. अध्यक्ष ताईंची गाडी बाहेर उभी आहे, त्यांना मी आत्ताच विचारलं, त्या हो म्हणाल्या. मी मागच्या दाराशी, पाण्याच्या पिंपाजवळ उभी राहते. तुम्ही सगळ्यांसमोर हात वर करू नका, पाणी प्यायला म्हणून या.